पठारावरचे शार्क

बंगळूरला समुद्र नाही. शहर वसले आहे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर. लाटा पाहायच्या तर गाडीत बसून अर्धा दिवस घालवावा लागतो. तलाव म्हणाल तर पुष्कळ, पण त्यात शार्क काही सापडायचा नाही. तरीही या शहरात शार्क आहेत, आणि तेही भरवस्तीत! कोणी पांढराशुभ्र सदरा घालून मोटारसायकलवरून हिंडतो, कोणी चहाच्या टपरीशेजारी वही उघडून बसतो. अलीकडे तर काही थेट खिशातल्या मोबाइलमध्येच मुक्कामाला आले आहेत.

अवाच्या सवा व्याज उकळणाऱ्या सावकाराला इंग्रजीत 'लोन शार्क' म्हणतात. आपल्या कोकणात शार्कला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात आणि मालवणी घरांत त्याचे झणझणीत कालवणही होते. म्हणजे समुद्रातला शार्क निदान माणसाच्या ताटात तरी येतो. हा दुसरा मात्र माणसाचेच ताट ओढून नेतो.

बंगळूरमध्ये या शार्कच्या पोहण्याला एक खास नाव आहे, 'मीटर बड्डी'. कन्नडमध्ये बड्डी म्हणजे व्याज. रिक्षात बसले की मीटर पडते, तसे हे व्याज. रिक्षा सिग्नलला उभी राहिली तरी मीटर चालूच, तसे घरात कोणी आजारी पडो, दुकान बंद राहो, व्याजाचा आकडा पुढे सरकतच राहतो. फरक एवढाच, की रिक्षातून उतरता येते.

के. आर. मार्केटची पहाट पाहा. चार वाजता फुलांचे ढीग उतरतात, भाजीचे ट्रक रिकामे होतात. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईला त्याच वेळी रोकड हवी असते. बँक उघडणार दहाला, आणि तोवर कोथिंबीर माना टाकणार! सावकार मात्र पहाटेच हजर. ना अर्ज, ना फोटो, ना जामीन. तो हजार रुपये लिहितो, शंभर आधीच कापून नऊशे हातावर ठेवतो आणि संध्याकाळी पुरते हजार घेऊन जातो.

शंभर रुपयांत काम झाले, असे कोणालाही वाटेल. आता जरा गृहिणीच्या हिशेबाने बघू. नऊशेवर एका दिवसाचे शंभर, म्हणजे दिवसाला अकरा टक्क्यांहून जास्त. महिन्याचे तीस दिवस धंदा केला तर व्याजाचे झाले तीन हजार. मूळ भांडवल नऊशे, तेही तिचे नाहीच. वर्षातले तीनशे दिवस धरले तर तीस हजार रुपये गेले! याउलट रोजचे तीस रुपये बाजूला टाकता आले, तर महिनाभरात नऊशेचे भांडवल तिच्या स्वतःच्या मालकीचे होईल. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी चेन्नईतल्या फळविक्रेत्यांविषयी असेच लिहिले आहे. तिथे सकाळी घेतलेल्या हजारावर संध्याकाळी सरासरी सत्तेचाळीस रुपये जादा द्यावे लागत होते. ते वर्षभर साठत गेले तर आकडा कोटींच्या घरात जातो.

मग ती तीस रुपये बाजूला का टाकत नाही? सांगणे सोपे आहे. ज्या दिवशी तीस रुपये वाचतात, त्याच दिवशी मुलाच्या वहीचे पैसे द्यायचे असतात. गरज आणि रोकड यांची वेळ जुळत नाही, आणि या दोन वेळांच्या मधल्या फटीतच शार्क राहतो. कर्नाटक सरकारने २०१८ मध्ये 'बडवर बंधू' योजना आणली ती हीच फट बुजवायला. सहकारी बँकांमार्फत रस्त्यावरच्या विक्रेत्यांना बिनव्याजी दहा हजारांपर्यंत कर्ज मिळावे आणि त्यासाठी बँकेची गाडी बाजारात यावी, अशी कल्पना होती. २०२० मध्ये केंद्राची पीएम स्वनिधी योजना आली. तिचा पहिला हप्ता तेव्हा दहा हजारांचा होता, २०२५ मध्ये तो पंधरा हजारांवर नेण्यात आला.

सावकारी पाश मराठी माणसाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य राग होता तो वह्या आणि कर्जरोख्यांवर, आणि ठिकठिकाणी त्यांच्याच होळ्या पेटल्या. हेच ते दख्खनचे दंगे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा झाला. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला तोही याच दुखण्यावर. जुन्या हिंदू कायद्यात तर दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. पूर्वजांना ठाऊक होते, की या माशाला कुठेतरी बांध घातलाच पाहिजे.

आता वही गेली आणि मोबाइल आला. दोन मिनिटांत पैसे देणारी अ‍ॅप्स कर्ज देताना फोनमधली नावांची यादी आणि फोटो मागून घेतात. हप्ता चुकला की सासरच्या माणसांना, कचेरीतल्या साहेबांना फोन जातात, बनावट फोटो पाठवले जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अशाच अ‍ॅप्सच्या प्रकरणात बंगळूरमध्ये सहा ठिकाणी झडती घेतली आणि सतरा कोटी रुपये जप्त केले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नियम घातले. कर्ज थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जमा झाले पाहिजे, एकूण वार्षिक खर्च किती ते आधी लेखी सांगितले पाहिजे आणि फोनमधल्या नावांच्या यादीला हात लावता कामा नये.

२०२५ च्या जानेवारीत कर्नाटकात वसुलीच्या जाचाने अनेकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. हावेरी जिल्ह्यातल्या बायकांनी आपली मंगळसूत्रे टपालाने सरकारकडे धाडली. सौभाग्याचे लेणे पाकिटात घालण्याची वेळ यावी, यापेक्षा मोठा आक्रोश कोणता? फेब्रुवारीत वटहुकूम निघाला आणि पुढे विधिमंडळाने त्यावर मोहोर उठवली. धाकदपटशाने वसुली करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. विनापरवाना सावकाराचे गरिबांवरचे कर्ज फिटले असे समजण्याची तरतूदही त्यात आहे. जादा व्याजाला बंदी करणारा कायदा तर राज्यात २००४ पासूनच होता.

मग शार्क तगतो कसा? त्याच्या दातांमुळे. खऱ्या शार्कच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगा असतात, पुढचा पडला की मागचा त्याची जागा घेतो. सावकाराचेही तसेच. कोरा चेक हा एक दात, सही केलेला कोरा कागद हा दुसरा, दारात उभा राहणारा पहिलवान हा तिसरा. सर्वांत धारदार दात मात्र त्याच्या तोंडात नसतो, कर्जदाराच्या मनात असतो. तो म्हणजे 'लोक काय म्हणतील'! नवऱ्याने घेतलेले कर्ज बायकोला ठाऊक नसते, मुलाने अ‍ॅपवरून उचललेले पैसे बापाला कळत नाहीत. पहिले फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे. पाण्यातल्या रक्ताचा वास शार्कला चटकन येतो म्हणतात. या शार्कला लपवाछपवीचा वास येतो.

म्हणून पहिला उपाय घरातच आहे. कर्ज झाले असेल तर ते आधी घरच्यांना सांगावे आणि घरच्यांनी आधी ऐकून घ्यावे, बोल मागाहून लावावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी, निदान वहीत तारीखवार नोंद ठेवावी. अ‍ॅपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे, ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहावे. मोबाइलवरून फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. दारात धमकी आली तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्यात कमीपणा नाही.

जाता जाता समुद्रातल्या शार्कची क्षमा मागायला हवी. त्याच्या पाचशेहून अधिक जातींपैकी माणसाच्या वाटेला जाणाऱ्या मोजक्याच. शिवाय पोट भरले की तो निघून जातो. त्याला उद्याच्या भुकेचे व्याज आजच वसूल करायची खोड नाही.

मुद्दलापेक्षा व्याज गोड, असे आपल्याकडे नातवंडांना मांडीवर घेऊन आजीआजोबा म्हणतात. व्याजाचा गोडवा तेवढ्यापुरताच राहू द्यावा!