जात दिसत नाही म्हणणाऱ्यांसाठी

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा जानेवारी १९६९ मध्ये तिकडे दाखवला गेलेला एक भाग नुकताच पुन्हा पाहिला. अंतराळयानावर चेरॉन ग्रहावरचे दोघे येतात. दोघांचेही अर्धे अंग काळे, अर्धे पांढरे. बील हा सत्तेचा अधिकारी, लोकाय हा त्याच्या तावडीतून निसटलेला बंडखोर. कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांना दोघांत काही फरकच दिसत नाही. बीलला याचेच नवल! त्याची उजवी बाजू काळी, तर लोकायच्या लोकांची उजवी बाजू पांढरी. म्हणून ते हीन.

आपल्याकडे तर तेवढीही खूण अंगावर नसते. तरी २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा कोणती घरे जाळायची हे कुणाला विचारावे लागले नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत शहीद पोचिराम कांबळे यांना मारणाऱ्यांना त्यांची जात ठाऊक होती. वस्ती, आडनाव, पाणवठा, स्मशान... गावाला सारे तोंडपाठ असते. तेच गाव नांदेड-लातूरच्या कोर्टात आले की आरोपीचा वकील म्हणतो, फिर्यादीची जात आरोपीला माहीतच नव्हती! बाप याच मालकाकडे सालगडी होता, आणि जात माहीत नाही? २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ८ मध्ये तरतूद आली. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असेच कोर्टाने धरायचे. नव्हती हे त्याने सिद्ध करावे. २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. तरीही आपल्या कार्यकर्त्यांनी जबाब नोंदवताना ही ओळख तपशिलाने लिहून घेतली पाहिजे.

त्या भागाचा शेवट मात्र मला पटत नाही. चेरॉनवरचे सगळे एकमेकांना मारून संपले आहेत, तरी हे दोघे झुंजतच राहतात. यानावरच्यांच्या लेखी दोघेही सारखेच द्वेषाने आंधळे. बीलच्या लोकांनी लोकायच्या लोकांना गुलाम केले होते, ही गोष्ट संवादात येते, निकालात येत नाही. हा तटस्थपणा आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. भीमजयंतीच्या मिरवणुकीवर दगड पडतात आणि बातमी येते, 'दोन गटांत हाणामारी'. अत्याचाराची फिर्याद नोंदली की मागोमाग आपल्याच पोरांवर दरोड्याची उलट फिर्याद येते. मग शांतता समितीची बैठक आणि दोघांनीही समजुतीने घ्यावे असा उपदेश. अशा वेळी मी दोन्ही फिर्यादींच्या नोंदीची वेळ आधी पाहतो आणि फुटलेली घरे गावाच्या कोणत्या अंगाला आहेत ते पंचनाम्यात शोधतो.