काचेचा धागा आणि गावची टाकी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही कलाशाखेचा. तेव्हा "तू विज्ञानावर कशाला लिहितोस?" असे मित्र विचारतील. उत्तर साधे आहे. पाणी सर्वच शाखांचे विद्यार्थी पितात!

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. टाकीच्या पाण्याचा नमुना तपासणीला गेला. 'पिण्यास अयोग्य' असा अहवाल हाती आला, तोवर सारी गल्ली तेच पाणी आठवडाभर प्यालेली होती. नमुन्यातले जंतू वाढवून मोजायचे म्हटले की एक-दोन दिवस जातातच. वाटेतला वेळ निराळा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. आपला जिल्हा ते विसरलेला नाही.

पवईच्या आय. आय. टी. त प्रा. सौम्यो मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वाट शोधली. ज्या जातीच्या धाग्यातून टेलिफोन आणि इंटरनेट धावते, तसा प्रकाशवाहक धागा त्यांनी इंग्रजी 'यू'सारखा वाकवला. वाकणापाशी आवरण काढले की आतला प्रकाश काठाबाहेर किंचित डोकावतो. तेथे ठरावीक जंतूलाच धरून ठेवणारी प्रतिपिंडे बसवली. पाण्यात ई. कोलाय असला की तो तेथे अडकतो, प्रकाश शोषतो आणि दुसऱ्या टोकाला उजेड कमी पोचतो. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. ई. कोलाय म्हणजे कावीळ नव्हे. पण पाण्यात मैला मिसळल्याची ती खूण आहे.

कोणी म्हणेल, आधी फुटक्या पाइपलाइनी दुरुस्त करा, मग यंत्रे आणा. खरे आहे. पण पाणी बिघडले हे वेळेवर कळल्याशिवाय दुरुस्तीला जाग तरी कोणाला येणार?

माझे म्हणणे एवढेच : टाकीत टी. सी. एल. पावडर टाकणाऱ्या माणसाच्या हाती असे साधन येईल आणि त्यावरचे मराठी अक्षर त्याला वाचता येईल, तेव्हाच हे संशोधन पुरे झाले असे समजावे. साधन घडवणे विज्ञानशाखेच्या मित्रांचे काम. ग्रामसभेत उभे राहून "टाकीचा नमुना शेवटचा केव्हा तपासला?" असे विचारणे मात्र आपल्यालाही जमेल.

हा सारा लेख मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पानी बरं हाय का न्हाई, तेवढं सकाळी घागर भरायच्या आधी कळंल का रं?"

तिच्या या प्रश्नाला अजून माझ्यापाशी उत्तर नाही.

— द्वितीय वर्ष, कला