विश्लेषण : ब्राउझर अनेक, इंजिने तीनच! घरच्या संगणकासाठी निवड कशी करावी?

अमेरिकेतील न्याय विभागाने गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावावे, अशी मागणी केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ती फेटाळली. त्याआधीच्याच महिन्यात पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीने क्रोमसाठी ३४.५ अब्ज डॉलरची बोली लावली होती. वापरणाऱ्याला एक रुपयाही न देता मिळणाऱ्या या सॉफ्टवेअरला एवढी किंमत का? आणि बँक, वीजबिल, मुलांचे ऑनलाइन वर्ग अशी सगळी कामे एकाच संगणकावर करणाऱ्या कुटुंबाने कोणता ब्राउझर निवडावा?

फुकटच्या ब्राउझरला एवढी किंमत का?

ब्राउझर ज्याच्या हाती, त्याच्या हाती वापरकर्त्याचा पहिला शोध. ब्राउझरमध्ये आधीपासून ठरवून दिलेले शोध इंजिन बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत. त्यामुळे आपले शोध इंजिन तेथे असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात विविध कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले, असे याच खटल्यात उघड झाले. शोध बाजारातील मक्तेदारी गूगलने बेकायदा टिकवल्याचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला. मात्र, पुढील आदेशात न्यायालयाने इतरांना वगळणाऱ्या करारांना मनाई केली. जागेसाठी पैसे देण्याची मुभा कायम राहिली. क्रोमचा स्पर्धक असलेल्या फायरफॉक्सची निर्माती मोझिला हिचेही बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते.

पर्याय खरोखर किती?

नावे भरपूर आहेत, पण वेब पान पडद्यावर उभे करणारी प्रमुख इंजिने तीनच. क्रोमचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडले, मायक्रोसॉफ्टच्या एजनेही २०२० मध्ये तोच मार्ग धरला. एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि विवाल्डी हे सगळे आज गूगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियम प्रकल्पावर उभे आहेत. क्रोममध्ये नीट चालणारे संकेतस्थळ या ब्राउझरमध्येही बहुधा नीट चालते, ते यामुळेच. सफारी केवळ ॲपलच्या उपकरणांवर मिळतो. म्हणजे विंडोज संगणकावर वेगळ्या इंजिनाचा ठळक पर्याय फायरफॉक्सचाच उरतो.

खासगीपणात फरक काय?

खरा फरक येथेच आहे. एका संकेतस्थळावर चपला पाहिल्या की पुढच्या दहा ठिकाणी चपलांच्या जाहिराती दिसतात, त्यामागे प्रामुख्याने ‘थर्ड पार्टी कुकीज’ असतात. सफारीने २०२० मध्ये त्या पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला सुरुवात केली. ब्रेव्हही त्या सुरुवातीपासूनच अडवतो. गूगलने २०२० मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि अखेर बेत सोडला. विस्तार अर्थात एक्स्टेन्शनबाबतचे नियम बदलल्याने यूब्लॉक ओरिजिन हे लोकप्रिय जाहिरातरोधकही २०२५ मध्ये क्रोममध्ये पूर्ण क्षमतेने चालेनासे झाले. त्याची मर्यादित आवृत्ती मात्र चालते. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती चालते.

‘इन्कॉग्निटो’ वापरले तर?

या खिडकीमुळे फक्त घरातील इतरांना नंतर इतिहास दिसत नाही. संकेतस्थळ, इंटरनेट पुरवठादार किंवा कार्यालयाचे नेटवर्क यांच्यापासून ती लपवत नाही. या गैरसमजावरूनच गूगलविरुद्ध अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने जमा केलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

जुन्या संगणकाचे काय?

अनेक घरांत हा सर्वांत निकडीचा प्रश्न आहे. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची आवृत्ती १०९ ही शेवटची ठरली. २०२३ पासून तेथे नवी आवृत्ती येत नाही. फायरफॉक्सने या प्रणालींसाठी ११५ या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या देत मुदत वेळोवेळी वाढवली. पण खाली प्रणालीच असुरक्षित असेल तर वरचा ब्राउझर किती राखणार? अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळणेच बरे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी त्यावर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अद्ययावतीकरण मिळेल, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. केवळ इंटरनेट एक्सप्लोररवर उघडणारे एखादे जुने संकेतस्थळ वापरावे लागत असेल, तर एजमध्ये त्यासाठी ‘आयई मोड’ आहे.

भारतीय आणि एआय ब्राउझर कितपत उपयोगी?

केंद्राच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहोने बाजी मारून एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळवले. झोहोचा ‘उला’ खासगीपणावर भर देतो, मात्र तोही क्रोमियमवरच आधारलेला आहे. पर्प्लेक्सिटीचा ‘कॉमेट’ आणि ओपनएआयचा ‘ॲटलास’ हे एआय ब्राउझरही त्याच पायावर आहेत. ते वापरकर्त्याच्या वतीने पाने वाचतात, अर्ज भरतात. पण पानात दडवलेला मजकूर हीच सूचना समजून एआय भलतेच काम करू शकते, हे सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले आहे. बँकेचे खाते उघडे असताना हा धोका परवडणारा नाही.

मग निवड कशी करावी?

आधी आपल्या प्रणालीवर ब्राउझरला अद्ययावतीकरण मिळते का, हे पाहावे. ते मिळत नसेल तर बाकीचे गुण व्यर्थ. त्यानंतर दोन ब्राउझर ठेवणे सोयीचे. रोजच्या वाचनासाठी फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह, तर बँक आणि सरकारी कामांसाठी एकही अनावश्यक एक्स्टेन्शन नसलेला क्रोम किंवा एज. संगणक सामायिक असल्यास प्रत्येकाचे विंडोज खाते वेगळे करावे, अन्यथा साठवलेले पासवर्ड सगळ्यांनाच खुले राहतात. आणि सेटिंग्जमध्ये जाऊन शोध इंजिन स्वतः ठरवावे. ज्या जागेसाठी कंपन्या अब्जावधी डॉलर मोजतात, ती बदलायला वापरकर्त्याला एक मिनिटही लागत नाही.