लपलेला मासा बिघडलेला नसतो!

नवा मासा कोपऱ्यात लपून बसला म्हणजे तो 'डल' आहे, आजारी आहे किंवा दुकानदाराने गळ्यात मारलेला आहे, असं मानणाऱ्या समस्त मंडळींशी माझं भांडण आहे. आधीच सांगून ठेवते. या मंडळींत माझे काही अगदी जवळचे नातेवाईकही आहेत आणि ते हे वाचणार आहेत. वाचोत बापडे!

घरी नवे मासे आले की पुढचा कार्यक्रम ठरलेला. पिशवी टँकमध्ये ओतायची, वरचा दिवा लावायचा आणि घरादाराने काचेला नाकं लावून उभं राहायचं. मासे अर्थातच फिल्टरच्या मागे. दहा मिनिटांत कुणीतरी काचेवर टकटक करतं. मग खाद्याची एक चिमूट. ती खाल्ली नाही म्हणून दुसरी. रात्रीपर्यंत "ते दगड आणि झाडं काढून टाक, म्हणजे दिसतील तरी" अशी सूचना येते, आणि सकाळी चहासोबत "बदलून आणूया का?" चोवीस तासांत एक जीव नापास!

माझ्याकडे दोन फुटी टँक आहे, साधारण ७० लिटरचा. त्यात कुहली लोच जातीचे सहा मासे आहेत. बोटाएवढे लांब, वामासारखे वळवळणारे, अंगावर काळे-पिवळे पट्टे. मूळचे आग्नेय आशियातले. तिथल्या संथ ओढ्यांत, तळाशी साचलेल्या पालापाचोळ्यात दिवस काढायचा आणि अंधार पडला की खायला बाहेर पडायचं, ही यांची पिढ्यानपिढ्यांची रीत. दुपारी बारा वाजता हा मासा पानाखाली असेल तर तो रुसलेला नाही, जिथे असायला हवा तिथेच आहे. घुबडाला भर दुपारी उठवून "उड बघू" असं म्हणतो का आपण?

आता त्या टकटकीबद्दल. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात साधारण १५०० मीटर. माशाच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळते. शिवाय लोच, टेट्रा, गोल्डफिश या सगळ्यांच्या शरीरात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी छोट्या हाडांची एक साखळी असते, त्यामुळे त्यांना इतर बऱ्याच माशांपेक्षा चांगलं ऐकू येतं. म्हणजे आपण गंमत म्हणून बोटाने जे वाजवतो ते त्याच्या अंगभर आदळतं. आणि दिव्याचं म्हणाल तर या माशांना पापण्या नसतात हो! डोळे मिटून घ्यायची सोयच नाही. उजेड नको असेल तर आडोशाला जाणं एवढा एकच उपाय त्यांच्या हातात आहे, आणि आपण नेमका तोच काढून घ्यायला निघतो.

जाळी घेऊन पाठलाग करणारे वीर तर वेगळेच. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश (ज्यांना १९७३ चं नोबेल मिळालं तेच) यांनी १९३८ साली लिहून ठेवलं आहे, की मिनो नावाच्या छोट्या माशाची त्वचा जखमी झाली की त्यातून पाण्यात एक द्रव्य उतरतं आणि त्याचे सोबती घाबरून पळतात. लोच आणि टेट्रा याच मोठ्या कुळातले. एकाला जाळीने खरवडलंत तर बाकीचे का दडून बसले, हे विचारू नका.

यावर नेहमीचा प्रश्न येतो, "मग पैसे देऊन मासे आणले ते काय न दिसण्यासाठी?" प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र उलटं आहे. लपायच्या जागा जितक्या जास्त, तितका मासा जास्त दिसतो. पळून जायला जवळच आडोसा आहे याची खात्री पटली, की तो मोकळ्यावर यायचं धाडस करतो. उघड्या टँकमधला मासा कोपरा सोडतच नाही, कारण तो कोपराच त्याचं सगळं घर. माझ्या लोचांनी अकरा दिवस तोंड दाखवलं नव्हतं. मी रोज रात्री दिवा बंद केल्यावर तळाला बुडणारं खाद्य टाकायचे आणि सकाळी ते संपलेलं असायचं. बाराव्या रात्री एक लांबडं तोंड नारळाच्या करवंटीतून बाहेर आलं. आता संध्याकाळी सातलाच सहाच्या सहा वाळूवर लोळत असतात. करवंट्या मात्र एकाच्या तीन झाल्या आहेत!

आणखी एक युक्ती जुने हौशी लोक वापरतात. वरच्या पाण्यात फिरणाऱ्या धीट, छोट्या माशांचा एक थवा ठेवायचा. त्यांना डिदर फिश म्हणतात. ते बिनधास्त फिरताना दिसले की खालचा भित्रा मासा समजतो की आसपास कुणी शिकारी नाही. आपला झेब्रा डॅनियो या कामाला उत्तम. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली, तेव्हापासून जगभर पोचलेला हा पक्का देशी मासा. लोचसुद्धा एकटा-दुकटा आणू नका, पाच-सहा आणा. परक्या घरी एकट्याने राहायला कुणाला आवडतं?

बाकी करायचं ते फार नाही. मुळात टँक आणि मासे एकाच दिवशी आणू नका. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढा. मासे आणाल त्या दिवशी टँकचा दिवा बंद ठेवा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडून थोडं थोडं टँकचं पाणी आत घाला आणि शेवटी मासा तेवढा सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. पहिल्या दिवशी खाद्य नाही. सोसायटीच्या आवारात देशी बदामाची वाळकी पानं पडतात ना, त्यातलं फवारणी न झालेलं एखादं धुऊन टाका. पाणी फिक्कट चहासारखं होतं, उजेड मंदावतो आणि वर छप्परही मिळतं. फुकटात!

"आणि खरंच आजारी असला तर?" असू शकतो. म्हणून तर बघायचं, पण लांबून. वर येऊन हवेसाठी तोंड वासतोय, पंख अंगाला चिकटवून बसलाय, अंगावर पांढरे ठिपके आहेत, तर ते लाजणं नव्हे. अशा वेळी आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. दोष बहुतेक वेळा पाण्यात सापडतो, स्वभावात नाही.

माझा राग खरं तर टकटकीपुरता नाहीच. आलेल्या प्रत्येकाने ताबडतोब खुलून दाखवलं पाहिजे, हा आपला हट्ट मला खटकतो. पाहुणे आले की "काकांना गाणं म्हणून दाखव" म्हणून पोराला पुढे ढकलायचं, आणि पोर आईच्या पदराआड गेलं की "फारच बाई लाजाळू" असं त्याच्यादेखत म्हणायचं. पोर मोठं होऊन निदान उलट उत्तर देतं. मासा तेही करू शकत नाही. तो बिचारा खाणं सोडतो, रंग उडवून बसतो, आणि एक दिवस आपण म्हणतो, "तरी म्हटलं होतं, नाजूकच होता."

नाजूक नव्हता हो. त्याला पंधरा दिवस हवे होते, थोडा अंधार आणि एक करवंटी. एवढं देणं जमणार नसेल तर मासे आणू नका, भिंतीवर माशांचं चित्र लावा. ते कधीच लपत नाही.