छिद्र लहान, दक्षता मोठी

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक चिमुकली ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. परंतु रक्तदाब व शरीरातील क्षार यांचा तोल तिच्या स्रावांवर अवलंबून असतो. तिच्यात गाठ झाली, तर कधी कधी रक्तदाब गोळ्यांनाही दाद देत नाही.

पूर्वी ही ग्रंथी काढण्यासाठी पोट वा पाठ लांबवर चिरावी लागे. १९९२ साली कॅनडातील डॉ. मिशेल गान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दुर्बिणीद्वारे काढल्याचे प्रसिद्ध केले. आता तीन-चार छोट्या छिद्रांतून हे काम होते आणि रोगी बहुधा थोड्याच दिवसांत घरी परततो. कर्करोगाचा संशय असलेल्या मोठ्या गाठीसाठी मात्र अजूनही मोठी चीरच इष्ट मानतात.

परंतु छिद्र लहान म्हणून शस्त्रक्रिया क्षुल्लक नव्हे. दोन्ही ग्रंथी काढल्यास त्यांच्या स्रावांची उणीव भरणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ती मध्येच थांबविणे जिवावर बेतू शकते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना हिब्रू वाचता येत नसेल, तर औषधांच्या वेळा त्यांना मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्या. एवढे काम शाळकरी नातवंडेही करू शकतील.