परक्या गावचा बाजार

यजमानांच्या बदलीचा कागद आला, किंवा लग्न होऊन माप ओलांडलं, की बाईला नवं गाव मिळतं. सामान लागतं, गॅस येतो, मुलांच्या शाळेचं होतं. मग सगळी मंडळी बाहेर पडली की घरात तुम्ही एकट्या. शेजार ओळखीचा नाही, रस्ते ठाऊक नाहीत, आणि संध्याकाळी भाजी कसली करायची हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे! अशा वेळी नव्या गावात तुमच्याशी रोज दोन शब्द बोलणारं पहिलं माणूस कोण, सांगा बरं? भाजीवाली. म्हणून मैत्रिणींनो, आज एखादी पाककृती बाजूला ठेवून बाजाराबद्दलच बोलू या. उदाहरणाला घेऊ या आपला खान्देश.

पुण्या-मुंबईहून किंवा कोकणातून जळगाव-धुळ्याला आलेल्या बाईला वाटतं, मराठीच तर मुलूख, अडायचं काय? पण पहिल्याच दिवशी अडतं. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या पाचकंदिलाजवळ एखाद्या दुकानी ज्वारी मागावी, तर दुकानदार विचारतो, "दादर देऊ का?" दादर म्हणजे मुंबईचं स्टेशन नव्हे बरं का! ती रब्बीची चवदार ज्वारी. मुलं शेजारून येऊन सांगतात, "त्यांच्याकडे आज भत्ता होता." हा भत्ता पगारातला नाही, तो मुरमुरे, शेव घातलेला चटकदार खाऊ. तुमचं घोसाळं इथे गिलकं होतं, लाल भोपळा गंगाफळ होतो, आणि पालेभाज्यांत माठाच्या कुळातला पोकळा तुमच्याकडे बघत असतो.

इथेच एक नाजूक गोष्ट आहे. भाजीवाली अहिराणीत बोलते. 'आहे' ऐवजी 'शे' म्हणते. ते ऐकून परगावच्या बाईच्या ओठावर हसू येतं, कधी ती नकळत तिचं बोलणं 'शुद्ध' करायला जाते. हे मात्र कटाक्षाने टाळा. तिची भाषा चुकलेली मराठी नाही, ती तिची स्वतःची बोली आहे, आणि या बाजारात परक्या आपण आहोत, ती नव्हे. तुम्ही हसलात की ती पुढच्या वेळी तुमच्याशी तुटक पुस्तकी बोलेल, भाव सांगेल आणि गप्प बसेल. त्यात नुकसान कुणाचं? तुमचंच. कारण तिला जे ठाऊक आहे ते तुमच्या पाकपुस्तकात नाही.

तेव्हा नुसतं "केवढ्याला?" विचारू नका. "हे तुम्ही घरी कसं करता?" एवढं विचारून बघा. पुढचे चार प्रश्न तर वहीत लिहूनच ठेवा.

पहिला प्रश्न वांग्यांचा. हिवाळ्यात जळगावकडे भरताची मोठी, फिकट हिरवी वांगी येतात. या वांग्यांना आणि जळगावच्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आकाराने मोठं पण हाताला हलकं लागेल ते वांगं घ्या, त्यात बी कमी. भाजण्यापूर्वी टोचे द्या, म्हणजे फुटणार नाही. शेतावर ही वांगी काट्याकुट्यांच्या, काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचतात. वरून कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे. गॅसवर तो धूर येणार नाही, पण टोमॅटोचा आग्रह सोडलात तर चव पुष्कळ जवळ जाईल.

दुसरा प्रश्न पिठाचा. भरताबरोबर कळण्याची भाकरी हवी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि थोडं मीठ, एवढं गिरणीतून दळून आणा. ज्यांना भाकरी थापता येत नाही म्हणून रडू येतं, त्यांनी सुरुवात याच पिठाने करावी. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी चिरत नाही.

तिसरा प्रश्न शेवेचा. शेवभाजीसाठी चहाबरोबरची बारीक शेव आणलीत तर रश्शात तिचा लगदा होतो. दुकानात "भाजीची शेव" असंच म्हणून मागा. ती जाड आणि तिखट असते. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत ठेवायचा आणि शेव पानं घेताना घालायची, आधी नाही.

चौथा प्रश्न केळ्यांचा. सबंध डझन एकाच पिकलेपणाची घेऊ नका. "सहा आजची द्या, सहा परवाची द्या," असं सांगा. रावेर-यावलची केळी जिथे येतात तिथल्या विक्रेत्याला यात नवल वाटत नाही. फणी फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते. खिळ्याला टांगा.

आणि उन्हाचं विसरू नका. वैशाखात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बाजार सकाळीच उरकावा. त्याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. हे मांडे हातावर वाढवून खापरावर टाकणं एका दिवसात येत नाही. पहिल्या वर्षी शेजारणीकडे जाऊन नुसतं बघा. लग्नकार्यात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी वाढली, तर "पोळी नाही का?" असं विचारू नका. बट्टी कुस्करायची, वर वरण घ्यायचं, आणि मागून तुपाचं तांबलं येतं ते अडवायचं नाही!

कुणी म्हणेल, आता किराणा फोनवरून घरी येतो, बाजारात जायचं कशाला? खरं आहे. पण फोनवर आपण जे ओळखतो तेच मागवतो. गिलकं न पाहिलेली बाई गिलकी मागवणार नाही, आणि घरी आलेली पिशवी "आज कोवळी आहेत, भजी करा" असं सांगणार नाही.

हे सगळं बदलीवाल्या बाईपुरतंच आहे असंही नाही. आज खान्देशातल्या लेकी शिकायला, नोकरीला, संसाराला परदेशी जातात. समजा, तुमची मुलगी फ्रान्समध्ये पॅरिसला किंवा ल्योंला निघाली. तिथे ती परकी. तिला काय सांगाल? दुकानात शिरताच आधी "बोंझूर" म्हणायचं, मग हवं ते मागायचं. नमस्काराशिवाय थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं. बाजारात फळं आपल्या हाताने चिवडायची नाहीत. विक्रेताच निवडून देतो आणि खरबूज आज खायचं की उद्या, हेही विचारतो. म्हणजे आपली आजची-परवाची केळीच की! दुपारी जेवायला बाहेर जायचं तर साधारण बारा ते दोन, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर पुष्कळ दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी आधीच आणावी. गव्हाच्या पिठावर तिथे आकडे असतात. ४५ आणि ५५ म्हणजे पांढरं, १५० म्हणजे कोंड्यासकट. पोळ्यांसाठी मधलं ८० किंवा ११० बघावं. शाकाहारी असेल तर "मांस नको" एवढ्याने भागत नाही, मासे पुढे येऊ शकतात. पदार्थात काय काय घातलं आहे, तेच विचारायचं. आणि रोज तूरडाळ शोधत हिंडण्यापेक्षा सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीत ताज्या पावासाठी उभं राहावं. तिथल्या लांब पावाच्या कलेला २०२२ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं आहे. चार दिवसांनी पाववाली हिला ओळखू लागेल, आणि परदेशात कुणीतरी ओळखणं ही केवढी मोठी गोष्ट असते!

आता एक शब्द जळगाव-धुळ्याच्या मैत्रिणींसाठी. तुमच्या शेजारी उभी राहून एखादी नवखी बाई गिलक्याला घोसाळं म्हणाली, दादर ऐकून गोंधळली, तर तुम्हीही हसू नका. ती पिशवी घेऊन घराबाहेर पडली, हेच तिने मोठं धाडस केलेलं असतं. नाव सांगा, करायची रीत सांगा, जमलं तर वाटीभर कळण्याचं पीठ द्या. वाटी परत करायला ती येईलच, आणि रिकामी नक्कीच आणणार नाही.