गृहव्यवस्था : संगणकाचे उघडे दरवाजे

गेल्या दिवाळीच्या आधीं आमच्याच घरीं एक प्रकार घडला. तो सांगण्यास संकोच वाटतो. तथापि ज्या सदरांतून आम्ही दर महिन्यास घर नीट राखण्याच्या गोष्टी सांगतों, त्यांतून स्वतःच्या घरची चूक लपविणें योग्य नव्हे. आमच्या वडील काकांनीं सात वर्षें खपून घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरविला होता. जुन्या वह्या, लग्नाच्या याद्या, कोंकणांतील आप्तांचीं पत्रें, सारें त्यांत होतें. बंगळूरास नोकरीस असलेल्या पुतण्यास तें तेथून पाहतां यावें म्हणून, गणपतींत घरीं आला असतां, त्यानें संगणकाचें एक पोर्ट बाहेरील जगास उघडें केलें. काम झालें, पोर्ट तसेंच राहिलें. दीड महिन्यानें एके सकाळीं काकांनीं संगणक लावला, तों एकही फाइल उघडेना. पडद्यावर मात्र खंडणीची मागणी!

पोर्ट म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. वाड्याचा पत्ता एकच असतो. आलेलें टपाल कोणत्या बिऱ्हाडाचें, हें खोलीच्या क्रमांकावरून कळतें. संगणकाचेंही तसेंच आहे. त्याच्या एका पत्त्यामागें ६५,५३५ पर्यंत क्रमांक असतात. संकेतस्थळें ८० व ४४३ या क्रमांकांवर बोलतात. घरांतील यंत्रांमध्यें फाइली वाटून घेण्याचें विंडोजचें काम ४४५ वर चालतें. दुरून संगणक चालविण्याचें, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचें, ३३८९ वर. कोणत्या क्रमांकावर कोणास आंत घ्यावयाचें हें ठरविणारा द्वारपाल म्हणजे फायरवॉल.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही, कीं पोर्ट खरोखर उघडें असण्यास फायरवॉलची परवानगी व त्या क्रमांकावर कान देऊन बसलेला प्रोग्रॅम, अशीं दोन्हीं लागतात. दुसरी ही, कीं घरास बहुधा दोन भिंती असतात : एक राउटरची, एक खुद्द संगणकाची. न मागतां बाहेरून आलेलें बोलणें आंतील कोणत्या यंत्राकडे न्यावयाचें हें राउटरला सांगितलेलें नसतें, म्हणून तो तें टाकून देतो. आमच्या पुतण्यानें दोन्हीं भिंतींस भोंक पाडलें होतें. त्यांत काकांचा परवलीचा शब्द म्हणजे घराण्याचें आडनांव! संगणकाच्या नोंदी पाहिल्या, तों अनोळखी ठिकाणांहून त्या शब्दाचे अंदाज दिवसरात्र बांधले जात होते. कोणी मनुष्य आमच्यावर टपून बसला होता असें नव्हे; जगांतील सर्व पत्त्यांचीं दारें क्रमानें ठोठावीत फिरणारे प्रोग्रॅमच आहेत.

ही भीति काल्पनिक नाहीं. ऑगस्ट २००३ मध्यें ब्लास्टर नांवाचा किडा १३५ क्रमांकाच्या वाटेनें असंख्य संगणकांत शिरला. विंडोज एक्सपीमध्यें फायरवॉल होती, पण ती आपण होऊन चालूं नसे. ऑगस्ट २००४ च्या दुरुस्तीपासून ती आरंभींच चालूं राहूं लागली. पुढें १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय हा खंडणीखोर ४४५ च्या वाटेनें पसरला व इंग्लंडांतील रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. जेथें ती बसविली नव्हती, तेथें घात झाला.

आतां उपाय. नित्याचें वाचन, पत्रव्यवहार, पैशांचे व्यवहार यांसाठीं बाहेरून आंत येणारें एकही पोर्ट उघडावें लागत नाहीं; आपण होऊन विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर फायरवॉल आंत येऊं देते. म्हणून एखादा प्रोग्रॅम चालेना, कीं फायरवॉलच बंद करण्याची घाई करूं नये. लागेल तेवढीच एक परवानगी द्यावी. कोणतीं पोर्टें कान देऊन आहेत हें विंडोजमध्यें ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिल्यानें दिसतें. पत्ता १२७.०.०.१ असल्यास तें बोलणें संगणकाच्या आंतल्या आंत, ०.०.०.० असल्यास तें सर्व जाळ्यास ऐकूं येणारें. नंतर फायरवॉलच्या आंत येण्याच्या नियमांची यादी उघडून, अनोळखी नियम एकदम पुसूं नये; प्रथम निष्क्रिय करावा, आठ दिवस कोणाचें कांहीं अडतें का पाहावें, मगच काढावा. छपाईयंत्र व फाइली वाटून घेणें केवळ खासगी जाळ्यापुरतें ठेवावें. स्टेशनावरील वा उपाहारगृहांतील जाळें नेहमीं सार्वजनिक म्हणूनच नोंदवावें. राउटरमध्यें यूपीएनपी नांवाची सोय असते. तिच्या बळावर घरांतील यंत्रें न विचारतां पोर्टें उघडतात. गरज नसल्यास ती बंद करावी. क्रमांक बदलल्यानें दार लपतें, हा समज मात्र खोटा आहे. दुरून यावयाचेंच असेल तर व्हीपीएनच्या वाटेनें यावें.

आमच्या घरीं त्या दिवशीं जो तो पुतण्यास बोल लावूं लागला. तेव्हां काकू काकांस म्हणाल्या, “अहो, रात्रीं कडी कोणी लावायची हें घरांत ठरलेलें असतें. ह्या दाराचें कोणी ठरवलेंच नव्हतें, तर त्या पोराला काय बोलतां?” हें आम्हांस पटलें. एकत्र कुटुंबांत संगणक सर्वांचा, आणि म्हणूनच तो कोणाचाच नाहीं, अशी स्थिति होते. आतां धाकट्या सूनबाईंनीं एक वही घातली आहे : पोर्ट कोणतें, कोणीं उघडलें, कशासाठीं, व कोणत्या तारखेस बंद करावयाचें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, वाण्याच्या हिशेबाबरोबरच, ती वही पाहिली जाते.

खंडणी दिली नाहीं. कपाटांतील सुट्या डिस्कवर आठ महिन्यांपूर्वींची प्रत निघाली; मधल्या काळांत लिहिलेलें सारें गेलें. कांहीं पत्रांच्या मूळ प्रती काकांनीं उतरून घेऊन ज्यांच्या त्यांस परत केल्या होत्या, आणि त्यांतील दोन वृद्ध आप्त आतां हयात नाहींत. काका पुन्हां लिहावयास बसले आहेत. पुतण्या दर रविवारीं दूरध्वनीवरून त्यांस जुन्या नोंदी वाचून घेण्यास मदत करतो. वाचकांनीं आपापल्या घरची वही आजच घालावी, एवढीच विनंति.